देठाचा बुडखा

गुनवोरने बशीतल्या पांढऱ्याशुभ्र अळंब्यांचा फोटो गावच्या अळंबीप्रेमींच्या गटावर टाकला आणि खाली चारच शब्द लिहिले: 'ही कुठली अळंबी आहे?'

एक वाजता धाकटी बहीण मार्गित जेवायला येणार होती. आज तुला एक गंमत खाऊ घालते, असं तिला कबूल केलं होतं. कढई चुलीवर होती, लोणी काढलेलं होतं. यातलं काहीच गुनवोरने लिहिलं नाही. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा अळंब्या शोधायला जंगलात गेलेली बाई एकदम खायलाच निघाली, म्हणून लोक हसतील अशी तिला धास्ती होती.

लोक तरीही हसले. गटाचे कर्तेधर्ते टूरे, निवृत्त मास्तर. त्यांचं उत्तर तासाभराने आलं: 'बुडखा कुठाय? छत्रीची खालची बाजू कुठाय? वर सूचना लिहिल्यात, त्या वाचायला डोळे नाहीत का?' त्यावर अकरा जणांनी हसरे चेहरे डकवले.

गुनवोरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अळंबी सुरीने कापावी, उपटू नये, हे तिने लहानपणी आईकडून ऐकलेलं. बुडखा जमिनीतच राहणार! तिने तसं ठणकावून लिहिलं. टूरेंनी लिहिलं, 'मग जंगलालाच विचारा.'

या माणसाच्या तोंडावर बुडखाच फेकते, असं पुटपुटत तिने बूट चढवले. ओकच्या झाडाखाली तिने कापलेले खुंट तसेच होते. तिने एक सुरीने उकरला. फाटक्या मोज्यात अंगठा असावा तसा तो एका पांढऱ्या पिशवीत बसलेला होता. याचा अर्थ तिला कळेना. तिने फोटो टाकला आणि रागाच्या भरात सगळंच लिहिलं: ओकखाली मिळाली, छत्रीखालच्या पट्ट्या पांढऱ्या, बुडाला ही पिशवी, आणि एक वाजता मी बहिणीला वाढणार आहे. झालं समाधान?

दोन मिनिटांत फोन वाजला. टूरेंनी नंबर शोधून काढला होता.

"खाल्ली का कुणी?"

"नाही."

"चाखूनसुद्धा नाही?"

"नाही म्हटलं ना."

पलीकडे मोठा श्वास ऐकू आला. "फेकून द्या सगळ्या. बुडाची ती पिशवी म्हणजे जहरी अळंबीची खूण. एवढ्या खाऊन तुम्ही दोघी गेला असतात. खायची आहे, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही विचारलंत, डोळे नाहीत का."



मार्गितला उकडलेले बटाटे आणि हेरिंग मासा मिळाला. ती कुरकुरत जेवत होती. गुनवोरने गट उघडला. सूचनांच्या जागी आता एकच ओळ होती: 'खाणार असाल तर ते सर्वांत आधी सांगा.' तिचा राग मात्र तसूभरही उतरला नव्हता. हसलेल्यांची नावं ती एकेक करून वाचू लागली. अकरावं नाव मार्गितचं होतं.

तिने फोन बहिणीच्या ताटाशेजारी ठेवला.

"अगं, मजा वाटली म्हणून दाबलं," मार्गित म्हणाली. "कोण बावळट आहे ते बघितलंच नाही."

"ही अळंबीच तुझी गंमत होती," गुनवोर म्हणाली. "तुझ्याच ताटात पडणार होती."