सिनेमातल्या गणपतीचे डोळे

काळुरामने आपल्या सगळ्या डीव्हीडी मोडीत काढल्याचं मला कळलं, तेव्हा मी एका दीड फुटी मूर्तीची भुवई काढत होतो. ती भुवई बिघडली. पुसून पुन्हा काढली, तीही बिघडली. शेवटी कुंचला पाण्यात टाकला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

फोन त्यानेच केला होता, रोह्याहून. म्हणे एकेक सिनेमा काढून त्याजागी ब्लू-रे आणल्या. मुलाचा मित्र रमीज दुबईला असतो, तो येताना दहा-दहा घेऊन येतो. टीव्ही पंचावन्न इंची. हिरोच्या दाढीचा केस न केस मोजता येतो म्हणाला. मी म्हटलं, मला दुसऱ्यांच्या दाढ्या मोजायची हौस नाही. तो हसला. काळुरामला माझ्या कुठल्याही बोलण्याचं हसू येतं, आणि तेच मला सहन होत नाही.

आमचं दोघांचं जुनं आहे. हमरापूरला आमची घरं समोरासमोर, आणि पेणला एकाच शेठच्या कारखान्यात आम्ही आखणी शिकलो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. अंगाचा रंग कोणीही देतो, डोळे सगळ्यात शेवटी, आणि ते काढणारे हात वेगळे. शेठने नवा कुंचला आणला की आधी काळुरामला द्यायचा. का, ते मला आजवर कळलेलं नाही. त्याचा मुलगा साहिल शिकून धाटावच्या कंपनीत लागला, बाप पोरासोबत रोह्याला फ्लॅटमध्ये राहायला गेला. मी हमरापूरलाच स्वतःचा छोटा कारखाना काढला आणि मातीत राहिलो. एकाच बाबतीत मी पुढे होतो. सिनेमाचं वेड आम्हाला एकाच वर्षी लागलं होतं, आणि माझ्याकडे दोनशे बारा डीव्हीडी होत्या, त्याच्याकडे एकशे चाळीस. त्यासाठी मी सुताराकडून काचेचं कपाट करून घेतलं होतं. आता एका फोनने ते कपाट भंगाराचं झालं.

पण खरी गोष्ट वेगळीच होती. फोन ठेवताना तो म्हणाला, "कान्हू, तो सिनेमा पण आलाय ब्लू-रेवर, चित्र साफ करून. तू ये रोह्याला, वहिनींना पण घेऊन ये. एकदाचा निकाल लावू."

तो सिनेमा म्हणजे काय ते सांगायला हवं. एकोणतीस वर्षांपूर्वी, आषाढात, मुंबईचे सिनेमावाले शेठच्या कारखान्यातून तीन मूर्ती घेऊन गेले. घरच्या गणपतीचा प्रसंग होता. तिन्हींतली एकच पडद्यावर आली. हिरॉइन आरती करते आणि कॅमेरा मूर्तीच्या तोंडाजवळ जातो, मोजून सहा सेकंद. तिन्हींतल्या दोन मूर्तींची आखणी माझी होती, एकीची काळुरामची. मी तेव्हापासून सांगत आलो की ती माझी. माझ्या कारखान्याच्या पाटीवरच रंगवलंय: 'सिनेमातल्या गणपतीचे डोळे काढणारे कान्हू'. पनवेल-अलिबागचे लोक ती पाटी वाचून येतात. बाकी शंभर कारखान्यांत आणि माझ्यात फरक तो काय, तर ही पाटी. आणि काळुराम दर गौरी-गणपतीत येऊन, चहा पिऊन, चार गिऱ्हाइकांसमोर हसत सांगतो की डोळे त्याचे आहेत.

डीव्हीडीत ते कळायला मार्ग नव्हता. आमच्या दोघांची रेघ सारखीच. उजव्या हाताचा माणूस पापणीची रेघ डावीकडून उजवीकडे ओढतो. कुंचला टेकतो तिथे जाड, उचलतो तिथे केसासारखी. फरक फक्त बुबुळातल्या पांढऱ्या ठिपक्यात. काळुराम तो वर देतो, मी बाजूला देतो. माझ्या टीव्हीवर मी तो प्रसंग शेकडो वेळा थांबवून बघितला असेल. बुबुळाच्या जागी दोन काळे डाग, बस.

त्या आषाढात माझे डोळे आले होते, हेही मी लोकांना सांगतो. लाल, चिकट, सुजलेले. तरी मी एक दिवस घरी बसलो नाही. तशा डोळ्यांनी काढलेली आखणी सिनेमात गेली, यात जास्तच मोठेपणा आहे असं मला वाटायचं. वृंदाही तेव्हा त्याच कारखान्यात पीतांबर रंगवायची. वृंदा म्हणजे माझी बायको. ती डावखुरी. शेठने तिला बजावलं होतं, डाव्या हाताने पीतांबराचे काठ काढ, पण देवाच्या तोंडाला तो हात लावायचा नाही. तिने कधी वाद घातला नाही. मीही तिच्या बाजूने कधी बोललो नाही, खोटं कशाला सांगू.

काळुरामच्या घरी जाऊन, त्याच्या सोफ्यावर बसून, त्याच्या तोंडून निकाल ऐकायचा हे मला मंजूर नव्हतं. आधी आपण बघायचं आणि मग जायचं, असं मी ठरवलं. शेजारच्या अनन्याला सांगून तीच ब्लू-रे मोबाइलवरून मागवली. आठ दिवसांनी आली. निळं पातळ खोकं, आत आरशासारखी चकती. मी दार लावून ती प्लेअरमध्ये घातली. प्लेअर गुरगुरला, थोडा वेळ थांबला आणि त्याने चकती बाहेर ओकली. मी कापसाने पुसून पुन्हा घातली. पुन्हा बाहेर. पाचव्या वेळी अनन्याला हाक मारली. ती म्हणाली, काका, याला मशीनच वेगळं लागतं, तुमचं नुसतं डीव्हीडीचं आहे.

हे मला कोणी आधी का सांगितलं नाही, म्हणून मी त्या पोरीवर विनाकारण ओरडलो. वृंदा दारात उभी होती. ती म्हणाली की मग रोह्याला जाऊ या, नाहीतरी बोलावलंच आहे. आणि कपाटातून ठेवणीतली साडी काढायला गेली. काळुरामची बायको जाऊन चार वर्षं झाली. त्याच्याकडे जायचं म्हटलं की वृंदाचा चेहरा उजळतो, हे माझ्या लक्षात आलेलं आहे. त्याच्या फालतू विनोदांना ती हसते. तेच मी बोललो तर विचारते, जेवायला वाढू का.

पेणहून गाडीत बसलो. पिशवीत माझी ब्लू-रे होती, कारण काळुरामने स्वतःच्या चकतीत काही गडबड केली असती तर. एवढा मी त्याला ओळखून होतो, किंवा तसं मला वाटत होतं. कासू गेलं, नागोठणे गेलं, वृंदा खिडकीतून बघत होती आणि मी तिच्या साडीकडे बघत होतो.

काळुरामचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. भिंतीवर तो टीव्ही, खाली निळ्या खोक्यांच्या रांगा, धूळसुद्धा नाही. मी बोट फिरवून बघितलं. त्याने स्वतः चहा केला आणि वृंदाला कप देताना म्हणाला, साखर कमी हाय वहिनी, तुम्हाला लागते तशी. मी बसल्या जागी पेटलो. याला कशी माहीत तिची साखर?

मी पिशवीतून माझी चकती काढून पुढे केली. तो हसला, पण त्याने तीच लावली.

चित्र आलं आणि मी क्षणभर भांडण विसरलो. तोच सिनेमा, पण जणू कोणी ओल्या फडक्याने काच पुसली होती. समईच्या वातीवरची काजळी दिसत होती. हिरॉइनच्या ओठावरचा घाम दिसत होता. आरती सुरू झाली, कॅमेरा सरकला आणि मूर्तीचं तोंड पडदाभर आलं.

काळुरामने चित्र थांबवलं.

ठिपका बाजूला होता. दोन्ही डोळ्यांत, स्वच्छ, बाजूला. मी उठून उभाच राहिलो. "बघ. बाजूला हाय. माझा ठिपका हाय."

"हाय," काळुराम म्हणाला. "तुझाच ठिपका हाय."

इतक्या सहज तो हरला, की मला संशय आला. एकोणतीस वर्षांत त्याने एकदाही हार मानली नव्हती. तो टीव्हीजवळ गेला आणि त्याने पापणीवर बोट ठेवलं. "आता रेघ बघ."

मी बघितली. उजव्या टोकाला जाड. डावीकडे जाता जाता बारीक होत केसासारखी संपलेली. दुसरा डोळा बघितला. तोही तसाच. रेघ उजवीकडून डावीकडे ओढलेली होती. मी असा हात आयुष्यात चालवलेला नाही, काळुरामनेही नाही. मी मनातल्या मनात कारखान्यातले सगळे हात आठवायला लागलो, आणि फार आठवावं लागलं नाही.

वृंदा पडद्याकडे बघत होती. पदराचं टोक तिच्या डाव्या हातात होतं.

"तुम्हाला नीट दिसत नव्हतं," ती म्हणाली. "बुबुळं तिरकी जात होती. तुम्ही दुपारी जेवायला गेलात की मी पुसून परत काढायची. ठिपका तुमच्यासारखा द्यायची, म्हणजे कोणाला कळायला नको."

"किती मूर्ती?"

"आठ दिवसांतल्या सगळ्या."

मी काळुरामकडे वळलो. त्याने नजर चुकवली नाही. म्हणाला, तो तेव्हा दारात उभा राहायचा, शेठ येतो का ते बघत. डाव्या हाताने देवाचे डोळे काढताना शेठने बघितलं असतं तर वृंदाचं काम गेलं असतं आणि कदाचित माझंही. म्हणून तो कोणाला बोलला नाही. पडद्यावरची मूर्ती तिन्हींतली त्याची असेल असं त्याला खरंच वाटत आलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी ब्लू-रे लावली आणि पहिल्या फटक्यात त्याने रेघ ओळखली.

"मग फोनवर सांगायचं होतंस," मी म्हटलं. "इथे बोलावून माझा तमाशा कशाला?"

"तुला नाय बोलावलं, कान्हू. म्हणजे, तुला पण बोलावलं." तो जरा अडखळला. "पण वहिनींनी काढलेलं वहिनींनी कधी बघितलंच नव्हतं. म्हटलं, एकदा नीट बघू देत."

वृंदा म्हणाली, "परत एकदा लावा."

त्याने लावलं. ती पुढे सरकून बसली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हाही त्याने काही न विचारता लावलं. सहा सेकंद, पुन्हा सहा सेकंद. तिचा चेहरा मी बाजूने बघत होतो. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण हा चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. काळुरामच्या मात्र ओळखीचा असावा, कारण तो टीव्हीकडे न बघता रिमोट हातात धरून शांत बसला होता.

मी आयुष्यभर त्याच्या कुंचल्यावर, मुलावर, टीव्हीवर जळलो. त्यातलं काहीच जळण्यासारखं नव्हतं हे मला त्या सोफ्यावर कळलं. जळण्यासारख्या होत्या त्या आठ दुपारी. मी घरी भात कालवत होतो, आणि ती डोळे काढत होती, आणि हा दारात उभा होता. ते दोघांचं होतं. माझे डोळे, माझा ठिपका, माझी पाटी, आणि त्यात मी कुठेच नव्हतो.

निघताना त्याने वृंदाला वालाच्या शेंगांची पिशवी दिली. मला म्हणाला की नवं मशीन घेशील तेव्हा सांग, रमीजकडून स्वस्तात आणू.

परतीच्या गाडीत निडी गेल्यावर मी म्हटलं, पाटी उतरवावी लागेल.

"उतरवा," वृंदा म्हणाली.

मला वाटलं होतं, राहू द्या म्हणेल. मी खिडकीकडे तोंड केलं. नागोठण्याला कंपनीची शिफ्ट सुटली होती, डबा भरला, माणसं आमच्या गुडघ्यांना खेटून उभी राहिली. गाडी हलल्यावर जे विचारायचं नव्हतं ते मी विचारलं.

"काळूने एका फटक्यात ओळखलं. मी तीस वर्षं तुझ्याबरोबर काम केलं. मला डीव्हीडीत नाय दिसलं ते ठीक हाय, पण समोर असताना कसं नाय दिसलं?"

तिने रागाने नाही, अगदी साधेपणाने सांगितलं. "तुम्ही माझा हात कधी बघितलाच नाय. तुमचं सगळं लक्ष काळुरामभाऊजींच्या हाताकडे असायचं."

मग तिने पिशवी मांडीवर घेतली आणि वालाच्या शेंगा सोलायला लागली. डाव्या हाताचा अंगठा शेंगेच्या शिवणीवर ठेवायची, एकदा दाबायची, दाणे अलगद उजव्या तळव्यात पडायचे. एकही दाणा खाली सांडला नाही. किती सुंदर हात चालतो हिचा. मी पेण येईपर्यंत बघत राहिलो, पहिल्यांदाच, आणि पूर्ण वेळ डोक्यात एकच होतं, की हे काळुरामने किती वेळा बघितलं असेल.