योर्गन, मूळ अज्ञात

सोफियातल्या शब्दकोशाच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, नेवेना पानायोतोवाचा दरारा होता. तेवीस वर्षं ती गावोगाव हिंडून घरातले शब्द गोळा करत आली होती. पातेलं, उंबरा, पाळणा, केरसुणी, असले. एका शब्दाला एक कार्ड. कार्डावर शब्द, त्याचे अर्थ, तो आला कुठून, आणि सगळ्यात खाली सांगणाऱ्याचं नाव, वय, गाव, धंदा. नाव नसलेलं कार्ड दिसलं की ती नव्या पोरींना विचारायची, "हे काय वाऱ्याने येऊन सांगितलं का गं?" आणखी एक शिस्त तिची स्वतःची. कार्डावर खाडाखोड करायची नाही. दुरुस्ती असेल तर कार्ड नवं लिहायचं आणि जुनं शेगडीत घालायचं. एका शब्दाची दोन कार्डं झाली की घोळ होतो. या शिस्तीचं बाईंना फार कौतुक होतं.

मग पंचाऐंशी साल उजाडलं. त्या हिवाळ्यात बल्गेरियाच्या सरकारने देशातल्या तुर्कांची नावं बदलली. बर्फात गावाला वेढा पडायचा, माणसं रांगेत उभी राहायची, समोर बल्गेरियन नावांची यादी, निवडा एक. मेलेल्यांनाही सोडलं नाही. त्यांची नावं रजिस्टरात बसल्या जागी बदलली. लोकांनी हे सगळं आनंदाने केलं असं पेपरात आलं. नेवेनाने पेपर वाचला, त्याची घडी घातली आणि कामाला लागली.

मार्चमध्ये विभागप्रमुख गेंचेव तिच्या टेबलाशी आले. हातात एक कार्ड होतं.

"कॉम्रेड पानायोतोवा, 'य'चा खंड छापायला चाललाय. योर्गनचं मूळ तुर्की लिहिलंय तुम्ही."

"तुर्कीच आहे. रजईला अख्खा देश योर्गन म्हणतो. तुम्हीही योर्गनच घेऊन झोपता."

"झोपतो हो. पण देशात तुर्कच नाहीत, तर शब्द तुर्की कसा? अज्ञात लिहा. अज्ञात म्हणण्यात खोटं काय आहे? आणि खाली हा साबरी अहमेदोव कोण?"

"रजया शिवायचा. कर्जालीच्या बाजूचं गाव आहे. मी त्याच्या दुकानात बसून लिहून घेतलंय."

"असा माणूस रजिस्टरात नाही. सावा आंद्रेएव म्हणून आहे."

"तो वारला, गेंचेव."

"मग त्याची हरकत असायचं कारण नाही."

नेवेना भांडली. कार्डावर तीन अर्थ होते. लोकर भरून शिवलेली जाड रजई, हा पहिला. मुलीच्या लग्नासाठी बाजूला काढलेला वाटा, हा दुसरा. पेरलेल्या गव्हावर पडणारा पहिला बर्फ, हा तिसरा. हे तिन्ही आणि खाली उदाहरणाला घेतलेलं साबरी उस्ताचं, म्हणजे त्या कारागिराचं, वाक्य जसंच्या तसं छापणार असाल तर मूळ आणि नाव बदलते, असं ती म्हणाली. गेंचेव इतक्या चटकन 'हो' म्हणाले, की खरं तर तिने तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण ती खूश झाली. माणूस तसाही गेला होता, शब्द तर वाचवला, अशी तिने मनाची समजूत घातली. सुबक अक्षरात तिने नवं कार्ड लिहिलं आणि जुनं आपल्या हाताने शेगडीत टाकलं.

त्यानंतर आठ दिवसांनी एक बाई तिच्या दारात उभी राहिली. बत्तीसेक वर्षांची, प्रवासाने चुरगळलेला कोट, हातात घरच्या चीजची बरणी.

"ओळखलंत का, ताई? साबरी उस्ताची नाझ्मिये. खाली गेटवर मात्र मी नाद्या."

नेवेनाने आधी दार लावून घेतलं आणि मग तिला बसवलं. तिला नऊ वर्षांची मुलगी आठवली, लोकरीच्या ढिगावर बसलेली. बाप पिंजत होता आणि मुलगी सुईत दोरा ओवून देत होती.

"इतक्या लांब कशी आलीस गं?"

"एक मागायचंय. आमच्या घरातले सगळे कागद नेलेत. जन्मदाखले, पासबुकं, माझ्या लग्नाची पत्रिकासुद्धा. कबरीवरचं नावही छिन्नीने काढलं. बाबांचं नाव असलेला एक कागद नाही उरला हो." तिने बरणी टेबलावर ठेवली. "मग मला तुमचं कार्ड आठवलं. तुम्ही लिहिलंत तेव्हा बाबा म्हणाले होते, पोरी, माझं नाव कुठे आहे ते दाखव. मी वाचून दाखवलं होतं. महिनाभर गावात सांगत होते, मी पुस्तकात गेलो म्हणून. ते कार्ड द्या असं नाही म्हणत. नुसतं बघू द्या. जमलं तर एक फोटो काढते."

कार्ड सापडत नाही म्हणावं, असं एकदा नेवेनाच्या मनात आलं. पण आपल्या खणातलं कार्ड सापडत नाही हे तिच्या तोंडून निघेना. तिने खण ओढला आणि कार्ड पुढे केलं.

नाझ्मियेने हळूहळू वाचलं. "मुलीला दहावं लागायच्या आत तिच्या योर्गनची लोकर बाजूला काढावी." ती थोडी हसली. "हे माझ्याकडे बघून म्हणाले होते." मग तिची नजर खाली गेली. सावा आंद्रेएव, वय ५८, रजया शिवणारा.

तिने कार्ड उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"जुनं कुठेय?"

"जाळलं."

"कुणी?"

"मी. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

"त्यांनी येऊन जबरदस्ती केली?"

"नाही," नेवेना म्हणाली. निदान एवढं तरी ती खरं बोलली. "सांगितलं, आणि मी केलं. निदान अर्थ तरी राहावेत म्हणून."

"आमच्याकडे कुत्री घेऊन आले होते," नाझ्मिये म्हणाली. "तुमच्याकडे नुसतं सांगून भागलं होय."

हे नेवेनाला फार लागलं. तिने घाईघाईने कोरं कार्ड पुढे ओढलं. "थांब, मी पुन्हा लिहून देते. जसं होतं तसं. सगळं पाठ आहे मला." तिने शब्द लिहिला, तिन्ही अर्थ लिहिले, तुर्की असं ठळक लिहिलं, उस्ताचं वाक्यही लिहिलं. नावाच्या ओळीपाशी येऊन तिने मान वर केली. "कुणाला दाखवणार नाहीस ना?"

"दाखवायलाच तर हवंय. माझ्या मुलीला. सहा वर्षांची आहे. शाळेत आजोबांचं नाव विचारतात, ती सावा सांगते, आणि बाई तिला चॉकलेट देतात. घरी येऊन आम्हालाही सांगते, सावा. मी साबरी म्हटलं तर म्हणते, आई, तू खोटं बोलतेस. अक्षरात बघितलं तर तिचा विश्वास बसेल."

नेवेनाला ती मुलगी वर्गात उभी राहिलेली दिसली. सहा वर्षांची पोर, चॉकलेटसाठी बोलून जाणार. कुणी लिहून दिलं? सोफियाच्या ताईने. अक्षर कचेरीत सगळे ओळखतात. तिचं पेन नावाच्या ओळीवर टेकलं होतं, तिथेच राहिलं. कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला.

नाझ्मियेने तो ठिपका पाहिला. ती उठली आणि कोटाची बटणं लावू लागली.

"बस ना गं. मी देते, फक्त जरा..."

"राहू द्या, ताई. तुम्हाला नोकरी आहे." आवाजात राग नव्हता. राग असता तर नेवेनाला बरं वाटलं असतं. "बाबा तुम्हाला सगळं सांगत बसले होते. दुकान बंद ठेवून. त्यांना वाटलं तुम्ही लिहून ठेवताय."

ती गेली. बरणी तशीच टेबलावर राहिली. जिन्यावरची पावलं खाली खाली जात बंद झाली, तोवर नेवेना दाराकडे बघत बसली होती. तिला लाज वाटत होती, रडूही येत होतं. आणि गेटचं दार लागल्याचा आवाज आला तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं.