कोणाच्या हाताखाली

लोक म्हणतात मी घरं सजवते. खरं सांगायचं तर माझं निम्मं आयुष्य कपाटं सरकवण्यात गेलं. कागदावर मी काही काढत नाही, मला येतही नाही. मी रिकाम्या खोलीत जाते, फरशीवर बसते आणि खडूने सगळं सामान जसंच्या तसं काढते. सोफा जेवढा येणार तेवढा, टेबल जेवढं येणार तेवढं. मग घरच्यांना सांगते, आता दोन दिवस या खडूच्या सामानात राहा. दोन दिवसांत सगळं कळतं. स्वयंपाकघरात जाताना रोज सोफ्याचा कोपरा कोण तुडवतं, दप्तरं कुठे पडतात, पेपर वाचायला कोण कुठे टेकतं. एका घरी तर सासूबाई मुलावर ओरडल्या होत्या, ‘‘अरे, टेबलावरून काय चालतोस!’’ आणि मग स्वतःच हसत सुटल्या. ते टेबल मी भिंतीकडे वीतभर सरकवलं, आणि आज बारा वर्षं ते तिथेच आहे.

सुरुवात पडद्यांपासून झाली. पडदे शिवून द्यायला जायचे आणि शिडीवर उभी राहून गप्प काही बसवायचं नाही. ‘‘पलंग त्या भिंतीला लावा, सकाळी डोळ्यांवर ऊन येणार नाही,’’ असं बोलून जायचे. लोक ऐकायला लागले, मग बोलवायला लागले. सव्वीस वर्षं झाली. अजूनही मला पडदेवाल्या ताई म्हणतात. शिक्षण म्हणाल तर शिवणाचा सहा महिन्यांचा कोर्स, आणि त्याचं सर्टिफिकेट वाळवीने खाल्लं.

माझी लेक सहा-सात वर्षांची असल्यापासून माझ्याबरोबर कामावर यायची. टेपचं एक टोक धरायला कोणीतरी लागतंच. सुतार, रंगारी सगळे तिला टोकी म्हणायचे. पुढे ती पाच वर्षं कॉलेजात हेच शिकली, मग दोन वर्षं माझ्याबरोबर राबली, आणि आता सहा वर्षं तिचं स्वतःचं ऑफिस आहे. डिझायनरांच्या संघटनेची ती सहचिटणीस आहे. तिचं कौतुक करायला मला कोणी सांगावं लागत नाही. तिच्या ऑफिसातल्या खुर्च्यांवर पाच मिनिटांच्या वर बसवत नाही, पण ते मी तिला बोलले नाही. म्हणजे एकदाच बोलले.

या संघटनेच्या मागणीवरून सरकारने कायद्याचा मसुदा काढला. परवान्याशिवाय कोणालाही मोबदला घेऊन घराच्या किंवा कार्यालयाच्या आतल्या रचनेबद्दल सल्ला देता येणार नाही. परवान्यासाठी पदवी हवी, नोंदणी असलेल्या डिझायनरच्या हाताखाली दोन वर्षं काम हवं आणि वर परीक्षा. कायदा व्हायच्या आधीच खात्याने नोंदणी सुरूही केली होती. ज्याची नोंद झाली, त्याला कायदा होताच परवाना मिळणार होता. आमचे पॉलिशवाले भाऊ मसुदा वाचून म्हणाले, ‘‘ताई, शेजारणीला मी म्हटलं फ्रिज तिकडे ठेवा, आणि तिने चहा पाजला, तर तो मोबदला धरायचा का?’’ आम्ही खूप हसलो. घरी आल्यावर मात्र मला हसू येईना. छप्पन्नाव्या वर्षी माझ्या हातातला खडू काढून घेणार होते.

रविवारी सकाळी लेक आली ती अर्ज घेऊनच. मी भाजी निवडत होते. तिने समोरची परात बाजूला सारली आणि कागद ठेवला.

‘‘आई, तुझी सोय झाली. जुन्या लोकांना सवलत आहे. पदवी नको, परीक्षा नको. नोंदणी असलेल्या कोणीतरी फक्त लिहून द्यायचं. मी देते.’’

‘‘काय लिहून देणार?’’

‘‘ठरलेलं वाक्य आहे गं.’’

‘‘वाच ना मग.’’

ती जराशी चाचरली. ‘‘की तू पाच वर्षं माझ्या हाताखाली काम केलंस.’’

मला आधी हसू फुटलं आणि मग डोकंच फिरलं. ‘‘अगं, तुला न्हाऊमाखू घातलं ते या हातांनी! टेप कुठून धरायची ते मी शिकवलं तुला. आणि आता मी तुझ्या हाताखाली?’’

‘‘आई, तो नुसता शब्द आहे.’’

‘‘नुसता आहे तर बदल. ‘तिने मला शिकवलं’ असं लिही. देतील परवाना?’’

‘‘तुला काम करत राहायचंय की नाही?’’ तिचाही आवाज चढला. माझाच स्वभाव तो, दुसरा कुठून येणार. ‘‘मी काय काय बघते तुला माहीत नाही. गेल्या महिन्यात एका घरात बाहेरचं दार कपाटाने अर्धं अडवलेलं. तिथे आग लागली असती तर? करणाऱ्याच्या कार्डावर डिझायनर, आणि माझ्याही कार्डावर डिझायनर. लोकांनी ओळखायचं कसं?’’

‘‘आजवर ओळखलं तसं. शेजाऱ्याचं घर बघून, चार जणांना विचारून. वायरिंग करणाऱ्याला परवाना आहे. भिंत पाडायची तर इंजिनिअरची सही लागते. त्याबद्दल मी कधी ब्र काढला का? पण कपाट कुठे ठेवावं, हे विचारायला माणसाने कोणाकडे जायचं, ते सरकारने कशाला ठरवायचं?’’

तिचं अगदीच चुकत होतं असं नाही, तसं दार मीही पाहिलं आहे. पण तो माणूस मूर्ख होता, आणि मूर्ख माणसं परीक्षा पास होत नाहीत असं मला तरी कोणी सांगितलेलं नाही. जाताना तिने स्वतःच्या अर्जाची प्रत टेबलावर ठेवली. ‘‘हा नमुना. बघून भर,’’ म्हणाली, आणि चपला घालून गेली.

दुपारी चष्मा लावून मी तो नमुना वाचायला घेतला. तिचं नाव, पत्ता, पदवी, सगळं तिच्या देखण्या अक्षरात. नवव्या रकान्यात छापलं होतं, ‘कोणाच्या हाताखाली काम केले, नोंदणी क्रमांकासह.’ तिथे तिच्या कॉलेजच्या सरांचं नाव होतं. पुढे दोन वर्षांच्या तारखा होत्या.

त्या दोन वर्षांत ती माझ्याबरोबर होती. बँकेच्या मॅनेजरीणबाईंचं घर, दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, ती जुळी मुलं असलेल्यांची चौथ्या मजल्यावरची जागा, सगळीकडे आम्ही दोघी फरशीवर गुडघे टेकून होतो. सरांच्या ऑफिसात ती गेली असेल तर सही आणायला, तीही एकदाच. हा नमुना आपण कोणाच्या हातात देतोय, हे घाईत तिच्या लक्षातच आलं नसणार.

मी तो कागद बराच वेळ नुसता धरून बसले. राग आला असता तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. तिने तसं का केलं तेही कळत होतं. क्रमांक मागितला होता आणि मला क्रमांक नव्हता. त्या रकान्यात माझं नाव बसतच नव्हतं. पण सव्वीस वर्षांत मला कोणी लागेलसं बोललं नव्हतं, ते माझ्या पोरीने एका ओळीत लिहून ठेवलं होतं. माझा अर्ज मी कोरा ठेवला आणि मसुद्यावर सरकारने ठेवलेल्या सुनावणीत विरोध करणाऱ्यांच्या यादीत नाव दिलं.

सुनावणीच्या खोलीत बोलणाऱ्याची खुर्ची दाराला इतकी चिकटून होती, की कोणी आत आलं की दार पाठीत बसायचं. घरांची रचना ठरवायला निघालेल्या लोकांना हे दिसत नव्हतं. समोर समितीचे पाच जण, मध्ये अध्यक्षबाई. डावीकडे संघटनेची माणसं, त्यात माझी लेक. पॉलिशवाले भाऊ कानात म्हणाले, ‘‘ताई, एकही तक्रार नाही एवढंच सांगा आणि बसा.’’

मी खडूचं सांगितलं, वायरिंगचं आणि भिंतींचं सांगितलं, हे काम कोणाबरोबर तरी राबूनच शिकता येतं हेही सांगितलं. अध्यक्षबाई मन लावून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘तुमचं म्हणणं, हे काम तुमच्यासारख्यांच्या हाताखालीच शिकलं जातं. पदवी घेतलेलं कोणी असं शिकल्याचं एखादं उदाहरण आहे?’’

उदाहरण माझ्यापासून चार पावलांवर बसलं होतं. लेकीने मान वर केली नाही. हातातल्या फाइलचा कोपरा ती दुमडत होती आणि सरळ करत होती. नमुना माझ्याकडे राहिलाय हे एव्हाना तिला आठवलं होतं, ते मला तिच्या मानेवरूनच कळलं. नाव ओठांवर आलं होतं. मी म्हणाले, ‘‘आत्ता आठवत नाही.’’

शेजारच्या सदस्यांनी विचारलं, ‘‘तुमच्या कामामुळे कोणाला कधी इजा?’’

‘नाही’ म्हणायचं होतं. पण एक खोटं नुकतंच बोलून झालं होतं आणि दुसरं निघेना. मी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांचं सांगून टाकलं. खोलीत उजेड यावा म्हणून मी त्यांचा पलंग फिरवला आणि त्याची डावी बाजू भिंतीला लागली. चाळीस वर्षं ते डावीकडूनच उठत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेत भिंतीवर आदळले, घाबरून उजवीकडे उतरायला गेले आणि पडले. उजवं मनगट मोडलं. घड्याळवाल्याचं मनगट. खडूने मी पलंगही काढला होता, पण खडूच्या पलंगावर कोणी झोपून बघत नाही. ‘‘तेव्हापासून कोणत्याही घरी गेले की आधी विचारते, तुम्ही कोणत्या बाजूने उठता,’’ मी म्हणाले. ‘‘पण त्यांचं मनगट काही पहिल्यासारखं झालं नाही.’’

कारकुनाने ते भराभर लिहून घेतलं. पॉलिशवाल्या भाऊंनी कपाळावर हात मारला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग संघटनेतर्फे लेक उठली. अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘‘आत्ता ऐकलंत ना? असे अपघात परवान्याने टळतील, असं तुमच्या निवेदनात आहे.’’

तिने निवेदनाचा कागद उचलला, परत ठेवला. ‘‘हा टळला नसता,’’ ती म्हणाली. ‘‘पाच वर्षांत आम्हाला पलंगाची मापं शिकवली. माणूस कोणत्या बाजूने उठतो हे विचारायचं असतं, ते कॉलेजात कोणी सांगितलं नाही. मला ते यांनी सांगितलं. त्या माझ्या आई आहेत. मी दोन वर्षं त्यांच्याबरोबर काम केलंय.’’

संघटनेच्या बाकावर कुजबुज झाली. अध्यक्षबाईंनी नोंदणीची यादी चाळली. ‘‘पण तुमच्या नोंदीत तर दुसरं नाव आहे.’’

‘‘ते खोटं आहे,’’ लेक म्हणाली.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नोंद दुरुस्त करून द्या, नाहीतर ती चौकशीला जाईल, एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुढचं नाव पुकारलं.

कारकुनाचं टेबल कोपऱ्यात होतं. त्याने तिच्यासमोर नवा अर्ज सरकवला. माणूस भला होता, आवाज खाली आणून बोलला. ‘‘मॅडम, नवव्या रकान्यात क्रमांक नसेल तर अर्ज बाद होतो. मग कायदा झाला की तुमचं ऑफिस बंद. पुन्हा दोन वर्षं कोणाच्या तरी हाताखाली काढावी लागतील. सरांना एक फोन करा, त्या तारखांना मी तिथेच होते म्हणा, आम्ही मान्य करू.’’

मी तिचं कोपर धरलं. ‘‘अगं वेडे, लिही सरांचं नाव. कोण विचारतंय? मला काय, मी पडदे शिवीन. तुझं अजून सगळं आयुष्य जायचंय.’’ अर्ध्या तासापूर्वी हा नियम मूर्खपणाचा आहे म्हणून मी भर सभेत भांडले होते, आणि आता तोच पाळ म्हणून, खोटं लिहून पाळ म्हणून, पोरीच्या विनवण्या करत होते. त्यात मला काही वावगंही वाटत नव्हतं.

‘‘तुला मघाशी माझं नाव घेता आलं असतं,’’ ती म्हणाली. ‘‘जिंकली असतीस. का नाही घेतलंस?’’

‘‘मी आई आहे.’’

‘‘मग आता गप्प बस.’’

तिने अर्ज भरला. नवव्या रकान्यात माझं नाव लिहिलं, माझ्या वडिलांचं, माझं माहेरचं, सासरचं, सगळं पूर्ण. क्रमांकाच्या जागी लिहिलं, ‘नाही’. कारकुनाने तिच्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उसासा टाकून शिक्का उचलला.

आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी कागदावर, मी जे काम करते त्यासाठी, माझं नाव लिहिलेलं मी वाचत होते. त्याच्यावर आडवं ‘बाद’ उमटलं होतं, पण खालचं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं.