करडईच्या तेलावरचा क्लच

बोरीच्या गोपीचंदची जीप इतकी म्हातारी, की वाटेवरच्या बाभळी तिला आत्याबाई म्हणत. पण तिच्याच जिवावर यंदा त्याला आणि बायको छबूबाईला ऊसतोडीला जायचं नव्हतं. परभणीच्या सीटा भरायच्या आणि घरच्या चुलीवरची भाकर खायची, एवढाच बेत.

दिवाळी सरली आणि क्लचचं पेडल मऊ पडलं. बॉनेटखालच्या डबीतलं ऑइल उतरलेलं. गोपीचंदनं घरातली बरणी उचलली अन् घाण्याचं करडईचं तेल डबीत ओतलं. रंग तोच, चिकटपणा तोच!

"अवो, भाजीचं तेल हाय ते!" छबूबाई ओरडली.

"तुझ्या भाजीवर मी पळायलोय न्हवं? मग जीप बी पळंल."

चार दिवस पळालीही. मग पेडल तळाला गेलं ते वर यायचं नावच घेईना. गाडी गिअरात ठेवूनच गोपीचंदनं स्टार्टर मारला. जीप बेडकासारखी उडाली अन् सुटली. थांबवावी तर बंद पडणार. वाटेत झरीची सगुणाबाई पळत चढली, तिची शेळी तिच्याआधी चढली. परभणीत सिताराम मिस्त्रीच्या दारात रिक्षा आडवी. ती हलेपर्यंत जीपनं चौकाला इतक्या फेऱ्या घातल्या, की प्रदक्षिणा समजून दोघं जण नारळ घेऊन आले.

सितारामनं क्लचचं खालचं सिलिंडर उघडलं. रबर भिजल्या हरभऱ्यासारखं टम्म फुगलेलं. त्यानं वास घेतला.

"गोप्या, भजे तळलास का ह्यात?"

"नवं रबर टाक की."

"ह्या गाडीचं मिळतंय कुठं आता?"

तरी त्यानं दुसऱ्या गाडीचं रबर घासून बसवलं. खरं ऑइल भरलं. पेडलवर सगुणाबाईला बसवलं अन् स्वतः हवा काढायला खाली शिरला.

"दाबा मावशी! धरून ठेवा! सोडा!"

बुडबुडे संपेनात. इतकी हवा निघाली, की तिकडं चुडाव्याच्या स्टेशनात झेंडी फडफडली म्हणे. पेडल मात्र पडलं ते पडलंच.

"ऱ्हाऊ दे बाबा," हात पुसत सिताराम म्हणाला. "घरी जा."

सकाळी ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक दारात आला. बोचकी छबूबाईनं रातीच बांधली होती. ट्रक निघाला. ड्रायव्हर गिअर बदली, तसा मागं बोचक्यांत बसलेला गोपीचंद डावा पाय दाबी.

"पाय आवरा," छबूबाई म्हणाली. "पातेल्याला पोचा पडायलाय."