डाव्या सिलिंडरचा आवाज

अठ्ठ्याऐंशी साली मी चातुर्मासात मौन धरलं होतं. सकाळच्या आंघोळीपासून संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावेपर्यंत बोलायचं नाही. मागणं काही नव्हतं, देवापाशी थोडं गप्प बसावं एवढंच.

आमचं घर मानपाड्याला, दोन खोल्यांचं, आणि पुढे ह्यांचं मोटरसायकलींचं गॅरेज. दिवसभर आमचं खाणाखुणांवर भागायचं. चहा झाला की मी कप दाखवायची, जेवण झालं की पाच बोटं. हे हसायचे, "बरं आहे, भांडण तरी होत नाही." पण ह्या खाणाखुणांनीच घात केला. दिवसभर मी बोलतच नसल्यामुळे ह्यांना ऐकू कमी येतंय हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

आलं ते नवरात्रात, अष्टमीला. मनातल्या मनात आरती म्हणून मी घंटा खाली ठेवली, तर मागे पाटावर बसलेले हे म्हणाले, "आज घंटा नाही वाजवलीस?"

मी तर आरतीभर घंटा वाजवत होते. समोरून केलेलं बोलणं, इंजिनाची धडधड, हे सगळं ह्यांना ऐकू यायचं. गेले होते ते बारीक, उंच आवाज. गॅरेज काढण्याआधी पंधरा वर्षं पत्रा ठोकायच्या कारखान्यात प्रेसवर काढलेली. भाद्रपदात ह्यांनी कार्बोरेटर लावून दिलेल्या एका गाडीचा पिस्टन जाम झाला होता. तेव्हा हे म्हणाले होते, गाडीवाल्याने ऑइल कमी घातलं असणार. मीही खरं मानलं होतं.

कार्बोरेटर लावणं, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवणं, हे कानाचं काम. हवा जास्त, पेट्रोल कमी झालं की इंजिन तापतं आणि जोर लावताना बारीक कडकडतं. ती कडकड ऐकू आली नाही तर पिस्टन अडकतो, चाक जागच्या जागी थांबतं. ठाण्याहून पोरं ह्यांच्याकडे गाड्या आणायची ती ह्या कानांसाठी. रोज दिवा लावला की ठरवायची, आज सांगते. आणि हे हात धुऊन येऊन बसले की राहून जायचं.

कोजागिरी झाल्यावर माजिवड्याचा दौलत आला. त्याची साडेतीनशे सीसीची गाडी, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. मोकळे सायलेन्सर बसवून आणलेले, त्यामुळे कार्बोरेटरमधले पेट्रोलचे जेट बदलून सगळं नव्याने लावायचं होतं.

"परशुरामदादा, उद्या माळशेज चढायचाय. चौघंजण आहोत, पुढे मीच पाहिजे."

"पुढे राहा, पण वळणावर जरा अक्कल पण असू दे पुढे," हे म्हणाले.

"काय वहिनी, अजून मौन? आमच्या आयेला पण द्या ना हे व्रत, चार महिने नको, चार दिवस तरी!"

मी हसून चहा ठेवला. आतून ऐकत होते. ह्यांनी दोन्ही सायलेन्सरांपाशी आळीपाळीने हात धरून पाहिलं, स्क्रू अर्धा-पाव आटा फिरवले. जागेवर गाडी छान चालत होती. पण कडकड जागेवर कळत नाही, चढावर कळते.

"ट्रायल मारून येतो," हे म्हणाले. मी हात पुसले, बाहेर आले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

"हे काय गं? देवळात जायचंय?"

मी मान हलवली. हलवली कशीतरीच, हो पण नाही आणि नाही पण नाही.

शीळ रस्त्याला तेव्हा दुपारी वर्दळ नसायची. चढ लागला तशी ह्यांनी अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पिळली. गाडी उसळली, आणि डावीकडून आवाज आला. पत्र्याच्या डब्यात सुपाऱ्या हलवाव्यात तसा. हे मजेत होते, मूठ आणखी पिळत होते.

"अहो, सोडा! मूठ सोडा!"

आयुष्यात इतक्या मोठ्याने मी कधी ओरडले नव्हते. ह्यांना ते पोचलंच नाही. तेव्हा तळहात उघडून डाव्या खांद्यावर जोरात मारला.

ह्यांनी क्लच दाबला, इंजिन बंद केलं. गाडी घरंगळत जाऊन एका बाभळीपाशी थांबली.

"काय झालं? पदर अडकला?"

मी डाव्या सिलिंडरकडे बोट दाखवलं. ह्यांनी पान्याने प्लग काढला. खडूसारखा पांढराफटक, जास्त तापल्याची खूण. उजवा काढला, तो चहाच्या रंगाचा, हवा तसा. दोन्ही प्लग फडक्यावर ठेवून हे उकिडवे बसून राहिले.

"कडकडत होता?"

मी मान हलवली.

"कधीपासून माहीत आहे तुला?" हे प्लगकडेच बघत होते.

"अष्टमीपासून."

"सांग ना. कधीपासून?"

मी खाली बसले, हनुवटीला धरून त्यांचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि पुन्हा म्हटलं, "अष्टमीपासून."

"मौन मोडलंस?"

"मघाशीच मोडलं. तुम्हाला ऐकूच आलं नाही."

हे आधी हसले. मग त्याच ग्रीसच्या हाताने डोळे पुसले, गालावर काळा पट्टा उमटला. मी पदराने पुसला तर आणखी पसरला.

"वाटत होतं गं मला. पण वाटतंय म्हणायचं नव्हतं. बहिरा मिस्त्री म्हटल्यावर कोण गाडी लावेल?"

"दौलत उद्या घाटात जाणार आहे," मी म्हटलं.

परत आलो ते अगदी सावकाश. दौलत दारातच उभा होता.

"काय दादा, पळाली ना?"

"नाही झाली. डावा कडकडतो आणि मला तो ऐकू येत नाही. माझे कान गेलेत दौलत. हिने हात मारला म्हणून इंजिन वाचलं."

दौलतचं हसू विरलं. माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. "मग... दुसरीकडे नेऊ का?" त्याने हळूच विचारलं.

"ने. वाईट नाही वाटणार. पण अशी घाटात घालू नकोस."

ह्यांचा आवाज कापला नाही. दौलतने गाडीभोवती एक फेरी मारली. मग लाकडी खोक्यावर बसला.

"वहिनींना ऐकू येतं ना? मग लावा. थांबतो मी. आयेला मात्र सांगणार नाही, व्रतातल्या वहिनींना कामाला लावलं म्हणून ती मला धरून मारेल."

ह्यांनी गाडी चालू केली. मी पदर खोचून डाव्या कार्बोरेटरपाशी कान नेला. गरम झळ तोंडावर येत होती. धडधडीच्या आत कुठेतरी बारीक सूऽऽ असा आवाज होता, दूध उतू जाण्याआधी भांड्याच्या कडेला येतो तसा. बोट फिरवत फिरवत मी कार्बोरेटर आणि इंजिनामधल्या रबराच्या जोडावर थांबले. ह्यांनी त्यावर ऑइलचा थेंब सोडला. आवाज क्षणभर थांबला तशी मी मूठ मिटली, पुन्हा आला तशी बोट वर केलं.

"रबर फाटलंय! तिथून हवा ओढतोय," हे ओरडले. इंजिन बंद झाल्यावरही ओरडतच होते. "मी दोन तास स्क्रूला शिव्या देतोय!"

नवं रबर बसवलं. ह्यांनी पुन्हा अर्धा-पाव आटा फिरवला, दर वेळी माझ्या तोंडाकडे बघून. मी बोट वर केलं की अजून, मूठ मिटली की बस. दौलत खोक्यावरून पुढे वाकून बघत होता.

दुसऱ्या ट्रायलला मी न विचारता मागे बसले. चढ आला. ह्यांनी मूठ निम्मी पिळली आणि तिथेच धरली. डावा खांदा ताठ झालेला, थापेची वाट बघणारा. मी कान दिले. दोन्ही सिलिंडर एका सुरात होते. कडकड नव्हती.

मी तळहात त्या खांद्यावर ठेवला, नुसता. खांदा हळूहळू सैल झाला आणि ह्यांनी मूठ पूर्ण पिळली.