दक्षिणेची भिंत

श्यामराव टिल्लूसाहेब पुण्याहून बदलून कलकत्त्याला आले ते एक नकाशा बगलेत मारूनच. डमडमला सरकारी कारकुनांसाठी दोनशे घरं बांधायची होती, आणि हा नकाशा म्हणे कुठेही चालतो. कुठेही चालते ती चप्पल, घर नव्हे. पण मी त्यांच्या हाताखालचा ड्राफ्ट्समन, मला विचारतो कोण?

नकाशात दक्षिणेला एकही खिडकी नव्हती. सलग भिंत, आणि पलीकडे संडासांची रांग.

"दक्षिण यमाची," साहेब म्हणाले. "तिकडे तोंड करून आपण जेवायलासुद्धा बसत नाही, श्रीकांत."

माझा जन्म याच शहरातला. इथे उन्हाळ्यात माणूस तगतो तो दक्षिणेच्या वाऱ्यावर. बंगाली माणूस घर बघायला गेला की आधी दक्षिण मोकळी आहे का ते विचारतो, नळाचं पाणी मागाहून. जे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, ते या दीडशहाण्याला ठाऊक नव्हतं, आणि विचारून घ्यायची लाज वाटत होती.

मी घरी बसून दुसरा नकाशा काढला. दक्षिणेला व्हरांडा, त्यावर ऊन अडवणारं रुंद छप्पर, छताखाली झरोके. संडास उत्तरेला. जागेवरचं तळं बुजवायचं नाही, फणस तोडायचे नाहीत. विटा उलट कमीच लागत होत्या. आयुष्यात इतक्या मनापासून मी दुसरं काही काढलेलं नाही. ती दोनशे घरं अशी व्हावीत, एवढंच मला हवं होतं.

रविवारी तो नकाशा घेऊन साहेबांच्या बालीगंजच्या बिऱ्हाडी गेलो. साहेब गॅलरीत बनियनवर वारा खात बसले होते.

"काय वारा आहे हो! पंख्याची गरज नाही."

"दक्षिणेचा आहे, साहेब. ही गॅलरी दक्षिणेलाच आहे."

चहा घेऊन आलेल्या मंदाकिनीबाई, म्हणजे साहेबांची बायको, दारातच थबकल्या. "अगंबाई! सहा महिने मी यमाच्या दारात पापड वाळवतेय?"

साहेबांनी त्यांना आत पिटाळलं. मग शांतपणे म्हणाले, "भाड्याच्या घराचा दोष मालकाला लागतो."

"डमडमची घरंही भाड्याचीच. मालक सरकार."

"म्हणूनच तर! सरकारला दोष लागला की माझी बढती गेली." माझा नकाशा न उलगडताच त्यांनी त्यावर कपबशी ठेवली. "उद्या माझ्या नकाशाची सुबक प्रत काढा. खाली तुमचं नाव घाला, हौस आहे ना!"

असल्या मूर्खाला नाही म्हणायलाही कणा लागतो. मी प्रत काढली आणि नाव घातलं.

घरं उभी राहिली. पहिल्याच वैशाखात लोक दक्षिणेच्या भिंती फोडू लागले, तेव्हा साहेबांनी मला नोटिसा देऊन धाडलं. पहिल्या घरात एका कारकुनाच्या दमेकरी आईने सहा विटा काढल्या होत्या आणि त्या भोकाशी तोंड नेऊन ती बसली होती. संडासाचा वास भपकन आत येत होता.

"वास चालतो रे बाबा, गुदमरणं नाही चालत," ती बंगालीत म्हणाली. "हे घर काढलं कोणत्या गाढवाने?"

"होता एक पुण्याचा साहेब," मी म्हणालो, आणि विटा पुन्हा बसवायला तिला आठ दिवसांची मुदत दिली.