सकुबाईचा आवाज भोंग्यावर

खिशात टेस्टर असला की माणसाला वीज कळते, असं आमच्या वैशाखरे गावात कुणी ठरवलं देव जाणे. धाकलूच्या खिशात बारा महिने टेस्टर. शहापूरला खोली करून राहतो, आसनगावच्या एका कंपनीत कामाला जातो. काय काम करतोस विचारलं तर म्हणे, "पॅनेल बघतो." बघतच असेल. धूळ पुसायची म्हटल्यावर बघावं लागतंच.

मी पंढरी. मुरबाडपासून घाटापर्यंत हळद असो, पूजा असो, मशीन माझं वाजतं. मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर, आमी धंद्यातली माणसं मशीनच म्हणतो. वीस वर्षं वायरी सोलतोय, त्यातल्या निम्म्या दातांनी. आणि हा टेस्टरवाला मला अक्कल शिकवणार!

दोन हजार तीनचा एप्रिल. धाकलूच्या पुतणीची, रुपाची हळद होती. आदल्या दिवशी रुपाची आय लहानी माझ्या दारात आली. हातात फडक्यात गुंडाळलेली व्हिडिओ कॅसेट.

"पंढरीदादा, ह्याच्यातला माझ्या आयचा आवाज भोंग्यावर येल का रे?"

तिची आय म्हणजे सकुबाई, धवळारीण. आमच्याकडं हळद दळायला घेतली, नवरीला तेल लावलं, आंघोळ घातली, की प्रत्येक कामाचं वेगळं गाणं असतं. त्याला धवळा म्हणायचं. तो म्हटल्याशिवाय हळकुंड जात्यात पडत नाय. चाळीस वर्षं या भागातले नवरे-नवऱ्या सकुबाईच्याच गळ्यावर हळदीला बसले. गेल्या पावसाळ्यात ती गेली. टोकावड्याला दुसरी एक होती, ती तर तिच्याही आधी. बाकी बाया काय, मागून ओळ ओढायच्या तेवढ्या. पुढं होऊन म्हणणारी कोण नाय. मालिका मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

आणि लहानी सख्खी लेक असून शिकली नाय. आय म्हणायची, बस गो माझ्यापाशी, चार धवळे घे. ही म्हणायची, उद्या बसते. अशी पंधरा वर्षं गेली.

"माझ्या पोरीची हळद मुकी नको रे दादा," ती म्हणाली अन् माझ्या उंबऱ्यावर बसून रडली. मला रडणारी माणसं आवडत नाय. पण हो म्हणालो.

कॅसेट धाकलूच्याच लग्नाची, चौऱ्याण्णव सालची. त्यात सकुबाई गाते हे साऱ्या गावाला ठाऊक. ऐकलं होतं का कुणी? छे! तेव्हा एकदाच भाड्याचा व्हीसीआर आणून लावली होती. एवढ्याशा खोलीत साठ माणसं, जो तो "तो बघ मी, तो बघ मी" म्हणून बोंबलत होता. टीव्हीचा आवाज पहिल्या रांगेलाही पोचला नसेल. मग कॅसेट जी पत्र्याच्या पेटीत गेली, ती आत्ता निघाली.

मुरबाडच्या एका मास्तरांकडून मी व्हीसीआर मागून आणला. दुपारी चारला मांडव भरला. मधे जातं, जात्याभोवती पाच सवाष्णी, शेजारी पाटावर रुपा. धाकलूने शहापूरहून आणलेला एकवीस इंची टीव्ही टेबलावर ठेवलेला, आणि धाकलू त्याच्या पाठीमागं घुसलेला. मागचं झाकण उघडून स्क्रू मुठीत.

"काय करतोस रे?"

"आवाज कुठून येतो? टीव्हीतून. मंग टीव्हीतूनच काढला पायजे ना," तो म्हणाला. "स्पीकरच्या दोन वायरी काढल्या, तुझ्या माइकच्या भोकात घातल्या, झालं."

"धाकल्या, टीव्हीची बॉडी लाइव्ह असते. मरशील."

"मी कंपनीत रोज चारशे चाळीस व्होल्टशी खेळतो."

मी त्याला अडवलं नाय. खरं सांगतो, मला बघायचंच होतं. त्याने पिन घातली. भोंग्यातून असा घुम्म आवाज निघाला की जात्याजवळची तान्ही पोरं एकदम रडायला लागली. पिन काढायला गेला तर हात लागला पत्र्याला. टेस्टर एकीकडं, साहेब दुसरीकडं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी उघड हसलो.

"अर्थिंग नाय तुझ्याकडं," उठता उठता मलाच म्हणतो!

लहानीला हसू आलं नाय. ती जात्याचा खुंटा धरून नुसती माझ्याकडं बघत होती. "दादा, मुहूर्त चाललाय."

मी धाकलूला बाजूला केला. झाकण लावलं. व्हीसीआरच्या पाठीमागं आवाज बाहेर काढायची जागा असते, लिहिलेली असते, वाचता आलं पायजे एवढंच. तिथून एक वायर सरळ मशीनला. टीव्हीने चित्र दाखवावं, आवाजाशी त्याला करायचंय काय? एवढं साधं काम. पण मी ते सावकाश केलं, प्रत्येक पिन उजेडात धरून, सगळ्यांनी बघावं म्हणून. धाकलूने तर नक्कीच बघावं.

कॅसेट पुढं पुढं नेली. आली सकुबाई. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, एक हात कानाशी. लहानीने हात जोडले. मी मशीनचा आवाज वाढवला.

भोंग्यातून सिनेमातलं गाणं सुरू झालं.

ढोलकी, बासऱ्या, नाचायची चाल. सकुबाईचं तोंड हलतंय आणि आतून कोण सोळा वर्षांची बया लाडात येऊन गातेय. बारक्या पोरांनी तर फेर धरला. "तू वायर चुकीच्या भोकात घातलीस," धाकलू म्हणाला. मूर्ख माणूस! वायरीतून गाणं बदलतं होय रे?

मी वायर हलवली, पिन पुसली. मग गाण्यात एका जागी आवाज गटांगळी खाल्ल्यासारखा खाली गेला आणि परत वर आला. माझे हात तिथंच थांबले. ती जागा मला ठाऊक होती. माझ्याच गाण्यांच्या एका कॅसेटमधली होती ती. टेपने फीत खाल्ली होती, मी नेलपॉलिशने चिकटवली होती.

नऊ वर्षांत मी साफ विसरलो होतो. धाकलूच्या लग्नाची शूटिंग मुरबाडच्या शामने केली होती. कॅसेट बनवताना तो मला म्हणाला होता, म्हातारीचा आवाज चांगला आलाय, ठेवू का? मी म्हणालो, "येडा का खुळा तू? ते रडगाणं कोण ऐकणार? गाणी टाक, मी देतो." माझ्याकडच्या चार कॅसेटी मीच नेऊन दिल्या. लग्नाच्या व्हिडिओवर गाणीच टाकायची असतात, तेव्हा सगळेच टाकायचे. पण शामने विचारलं तरी होतं.

"दादा, आयचा आवाज कुठंय?" लहानीने विचारलं.

"त्या शामने घाण केलीय," मी म्हणालो. "अक्कल नाय मेल्याला. गाणी टाकून आवाज पुसून टाकला."

शाम कधीच सुरतेला निघून गेलेला. तो काय सांगायला येणार?

लहानी पडद्याकडं बघतच म्हणाली, "ते गाणं बंद कर. चित्र ऱ्हाऊ दे."

मी मशीन बंद केलं. ती उठून टीव्हीच्या पुढ्यात बसली, नाक काचेला टेकेल इतकी जवळ. आयच्या तोंडाकडं बघत तिने ओठ हलवले. एक शब्द निघाला, मग अडली. परत. मग अर्धी ओळ आली. भसाडा, घाबरलेला आवाज. जात्याजवळच्या एका म्हातारीने ती ओळ उचलली, मग बाकीच्या बायांनी ओढली.

मी माइक घेऊन पुढं गेलो. तिने न बघताच हाताने सारला.

"नको. तुझा भोंगा नको. मागं घे, पयलं कडवं परत दाव."

मी कॅसेट मागं घेतली. ओळ चुकली की ती म्हणायची, मागं घे, आणि मी बटण दाबायचो. धाकलूसुद्धा टेस्टर खिशात घालून खाली बसला होता. सातव्यांदा की आठव्यांदा, मोजलं नाय मी, तिला तो धवळा सलग म्हणता आला आणि सवाष्णींनी हळकुंड जात्यात टाकलं. रुपा हुंदके देऊन रडत होती.

निघताना लहानीने माझ्या हातात नारळ दिला. म्हणाली, "शामचं वाटोळं होवो, पण तुझे लय उपकार दादा."

मी नारळ घेतला.